‘मोरमुगाव’च्या डेकवर इथल्या मुलांनाही जाऊ द्या

महोदय,

वास्कोतल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी एनसीसीच्या नेव्हल विंगची अधिकारी आहे. आपल्या बंदराचे नाव लावणाऱ्या ‘आयएनएस मोरमुगाव’ या युद्धनौकेविषयी हे पत्र आहे.

माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही विनाशिका 18 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. तिची पहिली सागरी चाचणी त्याआधी वर्षभर, 19 डिसेंबर 2021 रोजी, म्हणजे गोवा मुक्तीला 60 वर्षे झाली त्याच दिवशी झाली होती. हा मान नौदलाने गोव्याला जाणूनबुजून दिला. 1961 साली अंजदीव बेटावर आणि या भूमीसाठी प्राण दिलेल्या नौसैनिकांचे स्मारक वास्कोत ‘आयएनएस गोमंतक’ या नौदल तळावर आहे. तेव्हा हे नाते फलकावरच्या नावापुरते नाही, त्यामागे रक्त सांडले आहे.

आमच्या कॅडेटनी यंदा शिप मॉडेलिंगसाठी ‘मोरमुगाव’च घेतली. 163 मीटर लांब, 17 मीटर रुंद, वजन सुमारे 7,400 टन. लांबी-रुंदी प्रमाणात उतरवणे सोपे गेले, अडले ते बाजूंच्या उतारावर. वर्तमानपत्रांतली छायाचित्रे खिडकीच्या काचेला लावून मुलांनी पेन्सिलीने कोन काढले, पुठ्ठा कापला, पुन्हा कापला. बाजू अशा तिरक्या का, असे एकाने विचारले. रडारच्या लहरी आल्या वाटेने परत जाऊ नयेत म्हणून, हे मी सांगितले. पण हेच उत्तर त्या जहाजावरच्या नाविकाने डेकवर उभे राहून दिले, तर ती मुले जन्मभर विसरणार नाहीत.

खारीवाड्यातली एक मुलगी आमच्या तुकडीत आहे. वडिलांचा ट्रॉलर. गाठींच्या परेडला बाकीचे पुस्तकातली आकृती बघत होते, तेवढ्यात तिने समोर न बघता, मैत्रिणीशी बोलत बोलत ‘बोलाइन’ ही गाठ मारून दोर बाजूला ठेवला. नौदलाचे पीआय स्टाफ, म्हणजे आमचे प्रशिक्षक, तिच्याकडे बघतच राहिले. किनाऱ्याच्या सुरक्षेत मच्छीमार हे आपले डोळे आणि कान आहेत, असे नौदलच सांगत असते. मग त्या घरांतल्या पोरांना या जहाजाची शिडी चढायला मिळावी, ही काही मोठी मागणी नव्हे.

युद्धनौकेला सवड नसते हे मी जाणते. 23 डिसेंबर 2023 रोजी अरबी समुद्रात ‘केम प्लुटो’ या व्यापारी जहाजावर ड्रोन हल्ला झाला, तेव्हा मदतीला हीच ‘मोरमुगाव’ धावली होती. आमच्या कॅडेटनी ती बातमी कापून फलकावर लावली आहे. पण जहाज कधी ना कधी गोव्याच्या धक्क्याला लागणारच. तेव्हा एक सकाळ केवळ विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावी, पाहुण्यांच्या गर्दीत नको. त्यात सत्तरी, धारबांदोड्याच्या शाळांनाही बोलवावे. तिथे समुद्र कधीमधीच बघणारी मुले आहेत, आणि वास्कोकरांची मक्तेदारी या नावावर नाही.

लखनऊने काय केले ते बघा. 2022 च्या मे महिन्यात ‘आयएनएस गोमती’ निवृत्त झाली, तेव्हा तिच्या आठवणी गोमती नदीकाठी खुल्या संग्रहालयात मांडायचे ठरले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरचे शहर हे करते. आपले जहाज तर अजून तरुण आहे. संग्रहालयाची वाट बघत बसण्यापेक्षा आज शिकणाऱ्या मुलांना ते दाखवलेले बरे.

शिक्षण खात्यालाही विनंती आहे. जहाज येणार हे शाळांना चार दिवस आधी तरी कळावे, आणि दूरच्या शाळांसाठी कदंबच्या बसगाड्यांची सोय व्हावी. 4 डिसेंबरचा नौदल दिन, 18 तारखेचा जहाजाचा दिवस आणि 19 चा मुक्तिदिन, यांच्या मधला एखादा दिवस नाताळच्या सुटीआधी सहज साधता येईल. कॅडेटची यादी, ओळखपत्रे आणि पालकांची संमतीपत्रे आम्ही शिक्षक आधीच तयार ठेवू.

— एक एनसीसी अधिकारी, वास्को