सहलीत थोडे ऐकूही द्या

महोदय,

उन्हाळी शिबिरांच्या जाहिरातींनी शहरातील भिंती भरल्या आहेत, पण मुलांना नुसते कान देऊन ऐकायला शिकवणारे शिबिर माझ्या तरी पाहण्यात नाही. माझी नात सध्या रंकाळ्याकाठच्या झाडांत तांबट पक्षी शोधते आहे. हा पक्षी चोच मिटून, गळा फुगवून ‘टुक्‌ टुक्‌’ करतो आणि तसे करताना मान वळवतो. त्यामुळे आवाज कधी डावीकडून तर कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो आणि नेमकी फांदी हेरताना एरवी क्षणभर न थांबणारे मूल आपोआप स्तब्ध होते. (मोबाइल हातात दिला तरी ते स्तब्ध होते, पण ती गोष्ट वेगळी!) ‘कुहू’ हा कोकिळ नराचा आवाज असून मादी ‘किक्‌-किक्‌’ करते, हेही ती आता ओळखते.

२०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटातील राधानगरी अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथे सहल नेणाऱ्या शाळांनी बसमधील गाणी वाटेतच बंद करावीत आणि जंगलात मुलांना दहा मिनिटे तरी न बोलता बसवावे, ही विनंती.

– एक आजोबा, कोल्हापूर