छावणीतले दुधाचे दात

प्रिय मित्रा,

‘जिवावरच्या संकटातून सुटलेली पोरं, आणि तू त्यांचे दात कसले मोजत बसतोस?’ असं लिहिलंस, मी इथे निर्वासितांच्या छावणीत मुलांचे दात तपासतो त्यावरून. राग नाही आला. मदतीच्या याद्या करणारेही तेच म्हणतात. आधी तंबू, पाणी, लसी. दात सगळ्यांच्या शेवटी. पण दाढ ठणकत असलेलं पोर रात्रभर झोपत नाही. आधी एका बाजूने चावतं, मग खाणंच टाळतं, आणि अंगावर मांस असतं कुठे? वर्गात बसवलं तरी हात गालावरच.

घर सोडून पळताना ब्रश कोण उचलतं रे! पुढे पाणी मोजून मिळतं, त्यात चुळा कोण भरणार? हाती पडतं ते टिकाऊ, पिठूळ, गोड. रात्री लेकरू रडलं की शेजारचा तंबू जागा होतो, म्हणून आई साखर घातलेली बाटली तोंडात देते. तिला कोणत्या तोंडाने बोलू? आणि सुरक्षित देशात पोचलं की सुटलं असंही नाही. तिथे गोड पेयं हाताशी, दंतवैद्याकडे मात्र नंबर लागता लागत नाही, आणि लागला तरी दुखतंय कुठे ते सांगायला भाषा नाही.

तपासायला मी खुर्ची शक्यतो टाळतो. आडवं पाडणं, डोळ्यांवर दिवा, तोंड झाकलेला परका माणूस. यातलं काही या मुलांनी भलत्याच जागी पाहिलेलं असू शकतं. त्यापेक्षा आई आणि मी समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसतो. पोर आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर, मग हळूच मागे कलतं आणि डोकं माझ्या मांडीवर येतं. हात आईच्याच हातात. रडलं तर उत्तमच, तोंड आपोआप उघडतं! वरचे पुढचे दात हिरडीपाशी तपकिरी, मागे दाढांची नुसती खुंटं. सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ तर सगळ्यात मागे गुपचूप उगवते; घरचे तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडून देतात.

दाताच्या आतल्या नसेपर्यंत न पोचलेल्या किडीवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या औषधाचा थेंब लावतो. सुई नाही, ड्रिल नाही, वीज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. कीड बहुतेकदा थांबते, पण किडलेला भाग काळाकुट्ट होतो. म्हणून आईला आधी फोटो दाखवतो. दाढेला चटकन हो म्हणतात, पुढच्या दातांना काहीजणी नाही म्हणतात. मी हट्ट धरत नाही. परक्या देशातल्या शाळेत काळे दात घेऊन जायचंय ते पोराला, मला नाही.

दात मोजण्यावरून आठवलं. काही देशांत कागदपत्रं नसलेल्या मुलांचं वय ठरवायला अक्कलदाढेचा एक्स-रे काढतात. अक्कलदाढेला कुठलं आलंय वेळापत्रक! वर्षं-दोन वर्षं सहज इकडेतिकडे होतात, आणि तेवढ्यावर मूल ‘प्रौढ’ ठरू शकतं. ब्रिटनमधल्या दंतवैद्यांच्या संघटनेने याला उघड विरोध केलाय. दुखऱ्या दाताकडे बघायला कुणाला वेळ नाही, याला आहे.

तू खेळणी पाठवतो म्हणालास, जरूर पाठव. त्याच खोक्यात छोटे ब्रश आणि निदान 1000 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट टाक. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, त्याहून मोठ्या मुलांना वाटाण्याएवढी लागते, त्यामुळे एक ट्यूब खूप दिवस पुरते. घासून झालं की नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही, म्हणजे पाण्याचाही प्रश्न मिटला. फक्त झोंबणारी घेऊ नकोस, पोरं लगेच थुंकून पळतात.

तुझाच