क्रीटचं ऊन आणि आपला थॉमसन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ग्रीसच्या क्रीट बेटावरचा लेख वाचला. फोटो सुरेख होते, पण सगळे समुद्रकिनाऱ्याचे. मी दिंडोरी तालुक्यातली द्राक्ष बागायतदार. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टअखेरीस लेकीबरोबर तिथे आठवडाभर राहून आले, म्हणून हे चार शब्द.

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून रात्रीच्या बोटीने निघालो आणि सकाळी क्रीटच्या हेराक्लिऑन शहरात उतरलो. किनारा पाहिला, क्नोसॉसचा प्राचीन राजवाडा आणि तिथले माणसाच्या उंचीचे रांजणही पाहिले. पण पाय खिळले ते पंधरा किलोमीटर आत, आर्खानेस गावाबाहेर. उघड्या जागेत कापडं अंथरून द्राक्षं वाळत घातली होती. एक आजी टोपलीतले घड पाण्यात बुडवून काढत होत्या. पाण्यात काय आहे, असं लेकीने खुणेने विचारलं, तर पोटॅश आणि ऑलिव्हचं तेल! आपण बेदाण्यासाठी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल वापरतो, तोच प्रकार. मण्यावरचं मेण सुटतं आणि पाणी लवकर उडतं. जात विचारली, तर सुल्तानिना, म्हणजे आपला बिनबियांचा थॉमसनच. परक्या मुलखात आपल्याच बागेतला मणी हातात आला आणि मला भरून आलं.

फरक एवढाच, की आपण बेदाणा शेडमध्ये सावलीत सुकवतो आणि त्या थेट उन्हात. त्यांना ते जमतं, कारण तिथला पाऊस हिवाळ्यातला, उन्हाळा जवळजवळ कोरडा. ऐन काढणीत अवकाळीच्या भीतीने ज्यांनी रात्र रात्र जागून काढली आहे, त्यांना त्या स्वच्छ आभाळाकडे बघून काय वाटतं ते मी सांगायला नको. पर्यटक ज्या उन्हासाठी तिकीट काढून येतात, त्याच उन्हावर त्या आजींचं वर्ष निघतं.

जेवणाची चिंता शाकाहारी माणसाने करू नये. सातूच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो, ताजं चीज आणि ऑलिव्हचं तेल घालतात, त्याला डाकोस म्हणतात. सॅलडमध्ये तर चक्क आपली घोळ होती, कच्ची, लिंबू पिळून! आपण ती डाळ घालून शिजवतो.

टूरवाले मात्र या गावांकडे फिरकत नाहीत. आमच्या सहलीच्या कागदावर फक्त बीच आणि खरेदी होती. गावात गेलो ते आम्ही बसने, आमचे आम्ही. आर्खानेसच्या पुढे वाथिपेत्रोला सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा द्राक्षरस काढण्याचा घाणा आहे. पिंपळगाव, ओझर, निफाडकडच्या बागायतदारांना तो पाहायला नक्की आवडेल.

पुरवणीत यावर एक सविस्तर लेख द्यावा, ही विनंती. जाणाऱ्यांना एवढंच सांगते : बेदाणे बघायचे तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर गाठा आणि गावात सकाळीच जा. दुपारी सगळी दारं बंद असतात.

आपली नियमित वाचक,
एक द्राक्ष बागायतदार, ता. दिंडोरी, जि. नाशिक