रबरी चाक आणि लाखेच्या तबकड्या

तीर्थरूप बाबा आणि आई,

सा. नमस्कार.

बाबा, रेकॉर्ड प्लेयरवर गाणं ओढल्यासारखं येतं म्हणालात आणि मेकॅनिक मोटर बदला म्हणतो. बदलू नका. त्या मोटरचा वेग विजेच्या लाईनच्या सेकंदाला ५० सायकलवर ठरतो, व्होल्टेज थोडं उतरलं म्हणून रेकॉर्ड इतकी रेंगाळत नाही. खोट बहुधा मोटरची पुली आणि रेकॉर्ड ठेवायची फिरती ताटली यांच्या मधल्या रबरी चाकात असेल.

आधी प्लग काढा. मधल्या दांड्याची क्लिप स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने सरकवताना वर बोट धरा, नाहीतर ती उडते आणि पलंगाखाली शोधत बसावं लागतं. मग ताटली दोन्ही हातांनी सरळ वर घ्या. चाकाची कड चकचकीत, कडक झाली असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर चाक हलकेच फिरवा, चकाकी जाईपर्यंतच. पुली आणि ताटलीची आतली कड स्पिरिटने पुसा. चाकाच्या दांडीवरचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं, ते खरडून काढा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. रबराला तेल लागलं की चाक घसरलंच समजा.

कडेला खाच दिसली तर घासून भागत नाही, चाकच नवं लागतं. मशीन बंद करताना वेगाचा खटका ३३ वरच (म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेरे) राहिला की पुली महिनोन्‌महिने एकाच जागी रुतते, आणि मग गाण्याखाली धकधक ऐकू येते.

झालं की ताटलीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवून फेरे मोजा. ३३ वर तीन मिनिटांत १०० भरले पाहिजेत. ९६-९७ भरले तर पुन्हा पुसा.

आई, टिनाच्या छपराखालच्या रेकॉर्डी उन्हाळ्याआधी खालच्या खोलीत आण. थप्पी नको, पुस्तकांसारख्या उभ्या ठेव. कूलरच्या झोतातही नको, कव्हरांना बुरशी धरते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या जाड तबकड्यांना स्पिरिट अजिबात लावू नकोस. त्या लाखेच्या असतात, गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर होते तसल्याच लाखेच्या, आणि लाख स्पिरिटात विरघळते. पिळलेल्या सुती फडक्याने गोल गोल पुस, लेबल कोरडं ठेव, सावलीत वाळव.

सुईचं तेवढं राहिलं. ७८ ला जाड, एलपीला (३३ वर वाजणाऱ्या रेकॉर्डला) बारीक. पिकअपवरची सुई बदलायची कळ उलटी राहिली तर जाड सुई एलपीच्या खाचेत बसत नाही, आणि बारीक सुई ७८ च्या तळाला घासत नुसती खरखर करते. बाबा, कार्ट्रिजवरच्या (सुई बसते त्या डबीवरच्या) नंबराचा फोटो पाठवा. सुई त्या नंबरावर मिळते, मशीनच्या नावावर नाही.

तुमची लेक