रोपांच्या खोलीचा पंखा: कोटेशन मंजूर करण्यापूर्वी

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे

विषय: तळमजल्यावरील रोपांच्या खोलीत बसवायच्या एक्झॉस्ट पंख्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गच्चीवरच्या बागेसाठी भाजीची रोपं आणि मायक्रोग्रीन (कोवळी असतानाच खायची पालेभाजी) वाढवायला समितीने तळमजल्यावरची रिकामी खोली दिली, त्याबद्दल बागकाम गट आभारी आहे. त्या खोलीच्या वायुवीजनासाठी आलेली तीन कोटेशनं येत्या बैठकीत मांडली जाणार आहेत: चार इंची डक्ट पंखा, नऊ इंची खिडकीचा एक्झॉस्ट आणि एक टनाचा एसी. आमच्या मते तिन्ही इथे बसत नाहीत. त्याऐवजी सहा इंची इनलाइन (पाईपच्या मध्येच बसणारा) पंखा घ्यावा, अशी विनंती आहे. कारणं आकड्यांसह देतो, म्हणजे समितीला स्वतः पडताळता येतील.

दुकानदार खोलीचं आकारमान विचारतात. आपली खोली १० × ८ × ९ फूट, म्हणजे ७२० घनफूट. पण खोलीत एक दिवा असो वा वीस, आकारमान तेच राहतं, उष्णता मात्र बदलते. म्हणून हिशोब वॉटपासून सुरू करायला हवा. दोन रॅकचे मिळून आठ कप्पे, प्रत्येकी ४० वॉटचे एलईडी, म्हणजे ३२० वॉट. हवा खेळती ठेवणारा भिंतीवरचा छोटा पंखा ४० वॉटचा. एकूण ३६० वॉट, आणि एलईडी असले तरी ही जवळजवळ सगळी वीज शेवटी खोलीतच उष्णता होऊन राहते. सूत्र साधं आहे: वॉटला ०.३३ने आणि मग बाहेर-आतल्या तापमानातल्या फरकाने भागलं की ताशी किती घनमीटर हवा काढायची ते कळतं. खोली बाहेरपेक्षा जास्तीत जास्त ३ अंशांनी गरम राहावी असं धरलं, तर सुमारे ३६५ घनमीटर, म्हणजे साधारण २१५ सीएफएम (मिनिटाला घनफूट).

हा प्रत्यक्ष मिळायला हवा असा प्रवाह आहे. जाळी, पाईप आणि वळणं यांत तीस टक्के सहज जातात. तेव्हा छापील आकडा ताशी ५२० घनमीटरच्या आसपास हवा, आणि तो चांगल्या सहा इंची मिक्स्ड-फ्लो (पाईपचा रोध असतानाही हवा ढकलणाऱ्या) पंख्याचा असतो. चार इंची पंखा छापील १८० देतो, पाईप जोडल्यावर १३० उरतात. तेवढ्यात खोली बाहेरपेक्षा आठ अंशांनी वर जाईल. शिवाय चार इंची पाईपमधून ३६५ घनमीटर ढकलायचेच म्हटले, तर हवेचा वेग सेकंदाला जवळपास १३ मीटर होतो आणि पाईप शिट्टी वाजवतो. सहा इंचीत तो साडेपाचच्या आसपास राहतो.

नऊ इंची एक्झॉस्टचा छापील आकडा याहून मोठा दिसेल. तो पंखा वाईट नाही. थेट खिडकीत बसवला असता तर पुरलाही असता. पण बागेकडच्या खिडकीच्या बरोबर वर पहिल्या मजल्याची बेडरूम आहे, म्हणून हवा छतालगतच्या पाईपने पार्किंगच्या बाजूला न्यावी लागणार. चपट्या पात्यांचा पंखा पाईपचा रोध आला की ढेपाळतो: आवाज तेवढाच, हवा निम्मी. विक्रेत्याकडे ‘१०० पास्कल दाबाला किती हवा?’ एवढंच विचारावं. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याचं कोटेशन बाजूला ठेवावं.

एसीबद्दल थोडक्यात. एक टन म्हणजे साडेतीन हजार वॉट उष्णता काढण्याची ताकद. आपला भार त्याच्या एक दशांश. कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होईल आणि दमट हवा नीट कोरडी होणार नाही.

हवा कुठून घ्यायची, हे पंख्याइतकंच महत्त्वाचं आहे. पार्किंगकडून घेऊ नये. गाड्यांच्या धुरात इथिलीन असतं आणि त्याने कोवळी पानं वाकडी होतात, पिवळी पडून गळतात. बागेच्या सावलीच्या बाजूने, जमिनीपासून फूटभर उंचीवर १२ × १२ इंचांची जाळीदार खिडकी ठेवावी. बारीक जाळीने निम्मी जागा अडते, तरी उरलेली पाईपच्या तोंडाच्या अडीचपट राहते. आत येणारी वाट अरुंद असली की पंखा कितीही मोठा घ्या, दार उघडायला जड जातं आणि हवा हलत नाही. बाहेर जाणारी हवा समोरच्या भिंतीवर छताजवळून काढावी. दोन्ही तोंडं एकाच बाजूला ठेवली तर ताजी हवा रॅकपर्यंत न पोचताच परत जाते.

यासाठी भिंत फोडायची गरज नाही, तुळईला तर हातही लागणार नाही. पार्किंगकडच्या व्हेंटिलेटरची एक काच काढून तिथे १२ मिमी वॉटरप्रूफ प्लाय बसवून त्याला भोक पाडावं. सरळ भागाला १६० मिमी पीव्हीसी पाईप वापरावा, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. तोंडाला खाली झुकलेली टोपी, पडत्या पट्ट्यांचा लूव्हर आणि कबुतरांसाठी जाळी. लवचिक पाईप पंख्याच्या दोन्ही बाजूंना फूटभरच, ताणून. तो सैल सोडला की सुरकुत्यांतच निम्मा दाब संपतो. पंखा स्लॅबला थेट स्क्रूने आवळू नये, रबरी बुशवर टांगावा. नाहीतर थरथर वरच्या घरात ऐकू जाते.

आवाजाची काळजी आम्हालाही आहे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दिवे रात्री आठ ते सकाळी आठ चालतील, कारण दिवसा चाळीस अंशांच्या जवळ गेलेली हवा आत ओढून काहीच थंड होत नाही. रात्री बाहेर २३-२४ अंश झाले की पंखा सत्तर टक्के वेगावर पुरतो: खोली २७-२८ वर राहते आणि आवाज सात-आठ डेसिबलने उतरतो. म्हणून वेग तापमानानुसार आपोआप बदलणारा ईसी (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या) मोटरचा पंखा मागत आहोत. साध्या मोटरला सीलिंग फॅनचा रेग्युलेटर लावला की ती गुणगुणते आणि तापते. सेन्सर रोपांच्या उंचीवर, दिव्याच्या थेट उजेडापासून आडोशाला हवा.

एक गोष्ट इलेक्ट्रिशियनला आवर्जून सांगावी लागेल. नुसता थर्मोस्टॅट लावला, तर एप्रिल-मेच्या दुपारी खोली गरम म्हणून पंखा चालू होईल आणि बाहेरची झळ आत आणून खोली आणखी तापवेल. टायमर जोडून त्या दोन महिन्यांत सकाळी ११ ते संध्याकाळी ६ पंखा तासाला पाचच मिनिटं चालावा. पावसाळ्यात उलट: दिवे बंद असतानाही तासाला १५ मिनिटं चालवावा, नाहीतर दमट, साचलेल्या हवेत रोपं बुडातून कुजून आडवी पडतात. रात्री २४ अंशांची ९० टक्के दमट हवा दिव्यांच्या उष्णतेने २८ पर्यंत गेली की आर्द्रता सत्तरच्या आसपास येते, हा त्या दिव्यांचा फायदाच.

वीज दिवसाला सव्वापाच ते साडेपाच युनिट लागेल. तिच्यासाठी वेगळा सबमीटर, ६ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवं; पाण्याजवळ काम असल्याने आरसीसीबीवर काटकसर नको. बिल गट भरेल. जाळी दर पंधरा दिवसांनी आणि पाती दर तीन महिन्यांनी साफ करण्याची जबाबदारीही गटाची.

आमची मागणी इतकीच: तिन्ही कोटेशनं परत पाठवून वरील मापांप्रमाणे नवीन मागवावीत, व्हेंटिलेटरची काच बदलायला लेखी परवानगी द्यावी, आणि पंखा बसल्यावर पहिल्या मजल्याच्या खिडकीशी रात्री आवाज मोजूनच विक्रेत्याचं बिल चुकतं करावं.

कळावे,
आपले विश्वासू,
बागकाम गटातील सभासद