फ्लाय निवडताना आधी माशाचे तोंड पाहावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशस्थ मराठी माणसांच्या छंदांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात इंग्लंडमधील फ्लाय फिशिंगलाही, म्हणजे गळावर पिसे, केस, धागे बांधून केलेल्या ‘फ्लाय’ नावाच्या कृत्रिम आमिषाने मासे धरण्याच्या छंदालाही, जागा मिळाली, याचा आनंद झाला. मात्र त्यातील एका सल्ल्याबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. नवशिक्याने दुकानातून ट्राउटसाठीच्या फ्लायचा तयार संच घ्यावा आणि त्याच संचावर रोच, रड, चब, पर्च हे मासेही धरावेत, असे लेखकाने सुचवले आहे. असा संच घेतल्याने फार काही बिघडत नाही, पण या माशांच्या मागे लागणाऱ्याच्या डबीत त्यातल्या बऱ्याच फ्लाय वर्षानुवर्षे कोरड्याच राहतात, आणि ज्या खरोखर लागतात त्या संचात बहुधा नसतात.

सॅमन आणि ट्राउट वगळता गोड्या पाण्यातल्या बाकीच्या माशांना इंग्लंडमध्ये ‘कोर्स फिश’ म्हणतात. त्यांतले बरेचसे कार्पच्या गणातले, म्हणजे आपल्या रोहू, कटला आणि महसीर यांचे दूरचे भाऊबंद आहेत. पर्च आणि पाइक हे मात्र वेगळ्या कुळांतले शिकारी मासे. कार्पच्या गणातील माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. त्यामुळे हे मासे अन्न चावून धरत नाहीत, तर पाण्यासकट आत ओढतात, चाचपतात आणि पसंत न पडल्यास तत्क्षणी बाहेर टाकतात. नदीतला ट्राउट त्या दिवशी पाण्यावर उतरलेल्या एखाद्याच कीटकावर अडून बसला, तर त्या कीटकाची हुबेहूब नक्कल करण्याला अर्थ असतो. रोच किंवा ब्रीम यांच्या बाबतीत मात्र फ्लाय त्यांच्या तोंडासमोर किती सावकाश येते, हे ती कोणत्या कीटकासारखी दिसते याहून अधिक महत्त्वाचे ठरते. म्हणून फ्लाय निवडताना मी आधी तिच्या बुडण्याचा वेग पाहतो, मग आकार, आणि रंगाचा विचार सर्वांत शेवटी करतो.

रड आणि रोच हे दिसायला इतके सारखे की नवखा माणूस हमखास फसतो, पण तोंडे पाहिली की फरक कळतो. रडचा खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड वर वळलेले असते. तो पृष्ठभागाशी खातो. त्याला १४ किंवा १६ क्रमांकाच्या गळावर बांधलेली ‘ब्लॅक अँड पीकॉक स्पायडर’ अगदी हळूहळू खाली येऊ द्यावी. (गळाचा क्रमांक जितका मोठा, तितका गळ लहान, हे नवशिक्यांनी ध्यानात ठेवावे.) या फ्लायचे अंग मोरपिसाच्या तंतूंचे असते, इंग्रजांच्या डबीत मोरपीस सापडले की मराठी माणसाला थोडी गंमत वाटतेच. रोचचे तोंड जवळपास सरळ असते आणि तो बहुधा मधल्या थरात किंवा तळाशी असतो. त्याच्यासाठी विल्टशरमधील एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांची ‘फेझंट टेल निम्फ’ आजही उत्तम आहे (निम्फ म्हणजे पाण्याखालच्या कीटकपिलाची नक्कल करणारी, बुडणारी फ्लाय). फेझंट या पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार एवढ्याच साहित्यात ती बांधली जाते, आणि त्या तारेचे वजन तिला बेताने खाली नेते. हल्ली दुकानांत तिच्या डोक्याला टंगस्टनचा मणी लावून विकतात. असली फ्लाय मधल्या थरातल्या रोचच्या समोरून सरळ तळाला जाते. बार्बलचे तोंड खाली वळलेले आणि त्याला मिशा, म्हणून तळावर गडगडत जाणारी जड निम्फ हवी. तो टंगस्टनचा मणी तिथे कामाचा. तळावर तोंड लांबवून खाणाऱ्या ब्रीमला चिलटाच्या जातीच्या कीटकांच्या तांबड्या अळ्यांची नक्कल पुरते.

चबबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण फ्लाय रॉडवर या गणातला याच्याइतका सोयीचा मासा दुसरा नाही. केनेट, वाय, ट्रेंट अशा नद्यांत तो काठावरच्या विलो झाडांच्या झुकलेल्या फांद्यांखाली उभा असतो आणि उन्हाळ्यात वरून पडणाऱ्या भुंगेऱ्यांची, अळ्यांची, नाकतोड्यांची वाट पाहतो. शरद ऋतूत काठावरची पिकलेली फळे पडली तर तीही गिळतो. त्याचे तोंड मोठे आणि भूक त्याहून मोठी, म्हणून ट्राउटसाठीच्या नाजूक फ्लायऐवजी १० क्रमांकाच्या गळावर काळ्या फोमचा जाडजूड भुंगेरा बांधावा आणि तो पाण्यावर टपकन पडू द्यावा. ट्राउटवाल्यांना हा आवाज म्हणजे घोर अपराध वाटतो, पण चब त्याच आवाजाने वळतो. मग तो निवांतपणे वर येतो, फ्लायखाली तरंगत तिच्याकडे निरखून पाहतो, आणि दोरीच्या ओढीने फ्लाय जराशी जरी भलत्या दिशेला सरकली, तरी पाठ फिरवतो. त्याने घेतल्यावरही झटका मारण्याची घाई करू नये. तो तोंड मिटून खाली वळला की मग रॉड उचलावा. याच्या उलट, त्याच नदीत शेजारी असलेला इवलासा डेस फ्लाय घेतो आणि टाकतो ते डोळ्याचे पाते लवायच्या आत. त्याला १८ क्रमांकाची ‘ग्रिफिथ्स नॅट’ द्यावी आणि हात तयार ठेवावा.

तळ्यातल्या कार्पसाठी लोक कुत्र्यांची तरंगणारी बिस्किटे पाण्यावर टाकतात आणि हरणाचे केस कातरून त्याच आकाराची फ्लाय बांधतात. याला फ्लाय फिशिंग म्हणावे का, यावर इथे जोरदार वाद होतात. माझे मत असे की फ्लाय म्हणजे कीटकच असला पाहिजे हा निव्वळ सोवळेपणा आहे. सॅमनसाठीच्या रंगीबेरंगी फ्लाय तरी कोणत्या कीटकासारख्या दिसतात? अडचण एवढीच की काही तळ्यांवर तरंगते आमिष वापरायला बंदी असते, तेव्हा आधी नियम विचारावेत.

पर्चला लहान मासे आवडतात, म्हणून ८ किंवा १० क्रमांकाची ‘वूली बगर’ ही लहान माशासारखी भासणारी फ्लाय झटके देत ओढावी. पाइकसाठी १५ सेंटिमीटरहून लांब, पाणी धरून न ठेवणाऱ्या कृत्रिम धाग्यांची फ्लाय घ्यावी, पण त्याआधी दोरी आणि फ्लाय यांच्यामध्ये जोडायला पोलादी तारेचा तुकडा घ्यावा. पाइकचे दात नायलॉनची दोरी सहज कापतात आणि गळ तोंडात अडकलेला मासा तसाच निसटतो. उलटा काटा नसलेला किंवा चिमट्याने दाबून टाकलेला गळ, लांब दांड्याचा चिमटा आणि ओले हात यांच्याशिवाय पाइकच्या वाटेला जाऊ नये. भर उन्हाळ्यात पाणी तापले की हा मासा धरून सोडला तरी दगावण्याची भीती असते, त्यामुळे जाणकार त्याला थंडीतच शोधतात.

त्या लेखात आणखी एक गोष्ट राहून गेली आहे, आणि ती फ्लायपेक्षा महागात पडू शकते. इंग्लंडच्या नद्यांत १५ मार्च ते १५ जून या काळात कोर्स फिश धरण्यास बंदी असते. हातात फ्लाय रॉड आहे म्हणून तीतून सूट मिळत नाही. बहुतेक कालवे आणि तळी यांना ही बंदी लागू नसते, म्हणून वसंतात शिकणाऱ्याने तिकडे जावे. १३ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाजवळ एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा परवाना असावा लागतो, आणि त्याशिवाय त्या पाण्यावर हक्क असलेल्या क्लबची किंवा मालकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. इथे शिक्षणासाठी आलेली अनेक मराठी मुले आपला लेख वाचून एप्रिलमध्येच नदीवर जाण्याची शक्यता आहे. तेव्हा बंदीच्या या तारखा आणि परवान्याची माहिती पुरवणीच्या पुढील अंकात ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
रीडिंग, इंग्लंड