वहीतल्या ओळी आणि ऐंशी हजारांचे बूट

परळ, मुंबई
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘पोरगा काय म्हणतो?’ आणि मी ‘बरा आहे’ म्हणून विषय मिटवला. बरा नव्हता. तो शेजारच्याच खोलीत होता, आणि या घरात एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येतंच. म्हणून हे पत्र लिहितोय.

दिवाळीनंतरची गोष्ट. त्याची अर्थशास्त्राची वही चाळत होतो, तर मागच्या पानांवर उलट्या बाजूने ओळी लिहिलेल्या. आधी वाटलं, कुठलं तरी गाणं उतरवून घेतलंय. मग ही जोडी वाचली:

आज्याची जिथं रातपाळी, तिथं झाला मॉल,
दारावरचा वॉचमन विचारतो, ‘काय काम, बोल?’

अरे, मी पलंगावर बसूनच राहिलो. अण्णांना, म्हणजे त्याच्या आज्याला, जाऊन नऊ वर्षं झाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा हा जन्मलाही नव्हता, आपणच पाचेक वर्षांचे होतो. अण्णांनी त्याला संपाबद्दल फारसं कधी सांगितलंही नसेल. तरी त्या मॉलच्या दारातून आत जाताना त्याला जे वाटलं, ते त्यानं दोन ओळींत पकडलं. आपल्याला हे इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. मी त्याला काही बोललो नाही, फक्त वही जागच्या जागी ठेवली.

नंतर त्यानंच सांगितलं की तो रॅप लिहितो. डोंबिवलीला त्याच्या मित्राच्या घरी भिंतीला गादी टेकवून, पंखा बंद करून दोघांनी एक गाणं रेकॉर्ड केलं. यूट्यूबवर टाकलं. पंधरा दिवसांत ३१२ व्ह्यूज, त्यातले चाळीसेक माझेच असतील. पण पोरगं खुशीत होतं. रोज लिहायचं. जिन्यात बसून पुटपुटायचं, बोटांनी कठड्यावर ठेका धरायचं. तू असतास तर त्या ठेक्यावरून ओळखलं असतंस, आपल्या बेंजो पार्टीचाच होता तो.

मग अंधेरीहून एका माणसाचा मेसेज आला. गाणं आवडलं, भेटायला या, वडिलांना आणा. मी अर्धी रजा टाकून गेलो. काचेचं ऑफिस, भिंतीवर गायकांचे फोटो, माणूस तिशीतला आणि बोलायला गोड. त्यानं गाणं लावलं, दीड मिनिटानं बंद केलं आणि म्हणाला, ‘काका, शब्द ठीक आहेत. पण पोराला लूक नाही. चेन नाही, शूज नाहीत. हा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तर कुणाला याच्यासारखं व्हावंसं वाटेल?’

हे वाक्य माझ्या डोक्यात अजून घुमतंय. गाणं ऐकून काय वाटेल हा त्याचा प्रश्नच नव्हता.

मग त्यानं पॅकेज काढलं. पासष्ट हजार. मी एकेक विचारत गेलो आणि त्यानं काही लपवलं नाही. काही पैसे गाणं जाहिरात म्हणून फिरवायला, म्हणजे आपण दुसराच व्हिडिओ लावायचा आणि आधी हे सुरू होणार. काही पैसे मीम पेजवाल्यांना. आणि सगळ्यात मोठा वाटा वीस क्रिएटर पोरापोरींना. गाण्यातला पंधरा सेकंदांचा तुकडा निवडायचा, त्यावर त्यांनी नाचायचं, हसायचं, कपडे बदलायचे. ‘पुढं काय?’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘पुढं काही करावं लागत नाही काका. वीस जणांनी केलं की हजारो पोरं स्वतःहून करतात. फुकट.’

मी घरी येताना लोकलच्या दारात उभा होतो आणि आपल्याच इमारतीतल्या पोरी डोळ्यांसमोर येत होत्या. तळमजल्यावरच्या दोघी रोज संध्याकाळी गच्चीवर मोबाइल उभा करून नाचतात. कुणीतरी मुद्दाम पेरलेलं गाणं त्या आपल्या घामानं वाढवतात, त्यांना वाटतं आपण मजा करतोय, आणि त्या मजेचा हिशोब अंधेरीतल्या एका वहीत मांडलेला असतो. मला नाचण्याचा राग नाही. राग याचा आहे की त्यांना कुणी सांगत नाही.

तू म्हणशील, आपण काय वेगळे होतो? मी स्वतःला हेच विचारत होतो. १ नोव्हेंबर १९९६ आठवतो? अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सन, आणि आपण दोघं भिंतीबाहेर, तिकिटाचे पैसे नाहीत म्हणून. आवाज तुटक तुटक यायचा, उजेड मात्र आभाळात दिसायचा. दुसऱ्या दिवशी तू फॅशन स्ट्रीटवरून काळी टोपी आणलीस. काकूंनी बोल बोल बोललं. तीही विक्रीच होती की. जॅक्सनला पेप्सीनं ऐंशीच्या दशकात पन्नास लाख डॉलर मोजले होते आणि त्याच्याच गाण्याचे शब्द बदलून जाहिरात केली होती. त्याच्याही आधी, १९४१ साली, मराठी रंगभूमीवरून सिनेमात गेलेल्या लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. तसं करणारी ती पहिली भारतीय नटी. म्हणजे ही दुकानदारी आपल्या आज्यांच्या काळापासूनची आहे.

पण साबणाच्या जाहिरातीत आजीला साबण दिसत होता. विकतंय कोण, काय विकतंय, दोन्ही समोर होतं. आणि तुझं म्हणशील, तर टोपी चार महिन्यांत फाटली, पण पायात मोजे घालून गॅलरीच्या फरशीवर तू जो मागे सरकायला शिकलास, तो तुझ्या अंगात राहिला. पुढची सात-आठ वर्षं विसर्जनाला लोक तुझ्यासाठी थांबायचे. टोपीसोबत तुझ्याकडं कलाही आली. माझ्या पोराला त्या ऑफिसात जे दाखवलं गेलं, त्यात नुसती टोपीच होती.

आणि ही लपवाछपवी नुसत्या गाण्यापुरती नाही, गाण्याच्या आडून इतरही बरंच विकलं गेलंय. २००० साली केबल टीव्हीच्या नियमांनी दारूच्या जाहिराती बंद केल्या, तेव्हा त्याच नावाच्या ‘म्युझिक सीडी’ टीव्हीवर दिसायला लागल्या. तू दादरला कॅसेटच्या दुकानात तीन वर्षं काढलीस. तशी एक तरी सीडी कधी काउंटरवर आली होती का? मी गिऱ्हाईक म्हणून कधी पाहिली नाही. गुटख्याच्या नावाची वेलची तशीच. २०२१ मध्ये अमिताभ बच्चन आणि २०२२ मध्ये अक्षय कुमार तसल्या जाहिरातींतून बाहेर पडले, तेही लोक नाराज झाल्यावर. म्हणजे लोक बोलले तर फरक पडतो, हे मी मनात धरून ठेवलंय.

कायदाही आहे, नाही असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीतल्या नटालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, शिवाय एक ते तीन वर्षं जाहिरात करायला बंदी. जाहिरातदारांची मानक परिषद इथंच मुंबईत आहे. तिनं २०२१ मध्ये सांगितलं की इन्फ्लुएन्सरनी पैसे किंवा वस्तू घेतल्या असतील तर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहावं. मी आठवडाभर पोराच्या शेजारी बसून रील्स पाहिल्या. क्रीमच्या, कपड्यांच्या काही व्हिडिओंवर ती पाटी दिसली. गाण्यावरच्या नाचांवर एकदाही नाही. त्यातले कुठले पैसे घेऊन केलेले आणि कुठले मनानं, मला ओळखता आलं नाही, आणि पोरालाही नाही.

आकड्यांचं तर विचारूच नकोस. पहिल्या चोवीस तासांत अमुक कोटी व्ह्यूज म्हणून विक्रम जाहीर व्हायचे, त्यात जाहिरात म्हणून दाखवलेलंही धरलं जायचं. शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये यूट्यूबलाच नियम बदलावा लागला, विक्रम मोजताना ते व्ह्यूज वगळायचे असा. २०२० मध्ये तर मुंबई पोलिसांनी खोट्या फॉलोअर्सच्या धंद्याची चौकशी केली. तक्रार एका गायिकेचीच होती, तिच्या नावानं खोटं खातं उघडलं होतं म्हणून. हे सगळं मी पोराला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘बाबा, मला माहितीये. सगळ्यांना माहितीये.’ मित्रा, मला खरी भीती त्या क्षणी वाटली. माहीत असूनही त्याला तेच हवं होतं.

पासष्ट हजार मी दिले नाहीत. त्यांचा करारही वाचला होता: शब्द, चाल, आवाज, सगळं कायमचं त्यांचं. निदान एवढं मला ठाऊक होतं, आणि मी त्याला समजावलं, की कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क असा सहीनिशी काढून घेता येत नाही. त्यानं ऐकलं, मान हलवली. पण त्या दिवसापासून त्यानं एक ओळ लिहिली नाही.

त्याऐवजी बूट आले. पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला, तेव्हापासून त्याच्या ऐंशी हजारांच्या बुटांची गोष्ट आमच्या इमारतीतल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. त्या मुलाबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. वस्तीतून आला, स्वतःच्या भाषेत आपल्या गल्लीचं बोलला, मी त्याची गाणी नीट ऐकलीत. पण पोरांना विचारलं की त्याचं एक कडवं म्हणून दाखव, तर अडखळतात, आणि बुटांची किंमत मात्र झोपेत सांगतील. आमच्यानं आईच्या डब्यातले, म्हणजे त्याच्या आजीनं दहावीला दिलेले पैसे काढले आणि हिल रोडवरून फर्स्ट कॉपी, म्हणजे त्या बुटांची नक्कल आणली, अठ्ठावीसशेची. आईला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, ‘आजोबा चप्पल हातात घेऊन चिखलातून गिरणीत जायचे, झिजू नये म्हणून.’ तो रात्री जेवला नाही. मीही त्या रात्री नको ते बोललो. तुला काय दिवे लावायचेत ते दिसलं, असं म्हणालो. आज पाच महिने झाले, ते वाक्य मला मागे घेता आलेलं नाही.

मग एकदा मी त्याला कुर्ल्याच्या रॅपर नेझीबद्दल विचारलं. त्यानं २०१४ मध्ये पहिलं गाणं आयपॅडवर स्वतःच शूट केलं होतं, हे मला यानंच पूर्वी सांगितलेलं. म्हटलं, ‘त्याला कुणी लूक विचारला होता का?’ तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘तेव्हा कुणी बघत नव्हतं बाबा. आता सगळे बघतात.’

या उत्तरावर माझ्याकडं काही नव्हतं. बघणाऱ्यांसमोर उभं राहायचं आणि तरी आपलं म्हणायचं, हे मी कधी केलेलं नाही. माझ्या ओळखीत ते तू केलंयस.

म्हणून लिहितोय. तुमच्याकडं आता जत्रांचे दिवस आहेत, भजनाच्या डबलबाऱ्या रंगत असतील. मला आठवतं, दामोदर हॉलला आपण पहिल्यांदा डबलबारी ऐकली तेव्हा तू रात्रभर जागचा हलला नव्हतास. दोन बुवा, समोरासमोर, एकानं कोडं टाकायचं, दुसऱ्यानं जागच्या जागी गाण्यातून उत्तर द्यायचं, आणि पहाटेपर्यंत माणसं उठत नाहीत. पोरगा ज्याला रॅप बॅटल म्हणतो, ते याहून वेगळं काय असतं? त्याच्या आज्याच्या गावात ते आजही चालतं, हे त्याला ठाऊकच नाही. तिथं बुवाच्या अंगावर काय आहे ते कुणी बघत नाही. चुकीचा शब्द गेला तर मात्र म्हातारी बाई पण मांडवातून हटकते.

अण्णा सांगायचे, शाहीर अमर शेख कामगार मैदानावर उभे राहिले की माईक नसला तरी शेवटच्या माणसापर्यंत आवाज जायचा. मला पोराला तसा कुणी तरी एकदा दाखवायचाय, यूट्यूबवर नाही, चार हातांवरून.

अकरावीची परीक्षा संपली. पुढच्या शुक्रवारचं तुतारी एक्स्प्रेसचं त्याचं तिकीट काढलंय, दादरहून मी बसवून देईन, कणकवलीला तू उतरवून घे. मे महिनाभर ठेव. पखवाज शिकव असं मी म्हणत नाही, तुझ्याशेजारी बसू दे फक्त. अर्थशास्त्राची ती वही त्यानं स्वतःहून बॅगेत भरलीय, मी पाहिलं. विचारलंस तर दाखवणार नाही, दोन दिवस जाऊ दे.

ते बूट घालूनच येईल. त्याबद्दल एक शब्द बोलू नकोस, वहिनींनाही सांग. भजनाला बसताना तसेही बाहेर काढावेच लागतील.

काकूंना नमस्कार.

तुझा,
खोली नंबर चौदावाला